जुनी गाडी, 'जशी आहे तशी' आणि डीलरची पावती

विक्रोळीकर | सोमवार, २२:१४

जुन्या गाड्यांच्या व्यवहारातलं ज्यांना कळतं त्यांनी जरा मदत करा. आधी प्रकरण सांगतो.

माझी मेहुणी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. पेशंट मुलुंडपासून चेंबूरपर्यंत पसरलेले, रिक्षा बदलून बदलून जीव जातो. म्हणून तिने एलबीएस मार्गावरच्या एका डीलरकडून जुनी गाडी घेतली. २०१४ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, नंबर एमएच-०३चा, मीटरवर ४६ हजार किलोमीटर, किंमत १ लाख ९५ हजार. ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं, 'सिंगल ओनर, कमी रनिंग, एक रुपयाचं काम नाही'. महिनाही झालेला नाही आणि कांजूरमार्गजवळ हायवेवर तिसरा गियर पडेनासा झाला. मेकॅनिक म्हणतो गियरबॉक्स उतरवावा लागेल, ३० ते ३५ हजार धरून चला.

डीलरला फोन केला. "ताई, जुनी गाडी आहे, आम्ही कुठे गॅरंटी दिली होती?" पावतीच्या मागे छापलेलं आहे: 'गाडी जशी आहे तशी, पाहून व तपासून घेतली आहे. विक्रीनंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही.' खाली मेहुणीची सही.

ग्राहक आयोग जुन्या वस्तूंची तक्रार घेतो का? आणि सही केली म्हणजे विषय संपला का?

चहाटळ | सोमवार, २२:३१

संपला. आता गियरबॉक्सवाला शोधा :)

भटकी_जमात | सोमवार, २२:५८

+१. सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते. घेणाऱ्याने बघून घ्यायचं, हाच कायदा आहे. दोन लाखांत अजून काय मिळणार?

अ‍ॅडहॉक | सोमवार, २३:४०

वरचे दोन्ही प्रतिसाद अर्धे बरोबर आहेत. नेमक्या याच अर्ध्या माहितीवर डीलर लोक निवांत झोपतात. माझं बरंचसं काम ग्राहक आयोगात चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू २० जुलै २०२०) नव्या आणि जुन्या मालात भेद करत नाही. मोबदला देऊन वस्तू घेतली, ती पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतली नाही, तर तुम्ही ग्राहक. मेहुणी गाडी व्यवसायासाठी वापरते, असा मुद्दा समोरचा वकील नक्की काढेल. काढू दे. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून केलेला वापर 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

आता ती छापील ओळ. 'घेणाऱ्याने बघून घ्यायचं' हे तत्त्व मालविक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्ये आहे, पण त्याला अपवादही तिथेच आहेत. त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विकण्यायोग्य दर्जाचा असला पाहिजे, अशी अट न लिहिताही गृहीत असते. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर ओरडता येत नाही. शिवाय कलम ६२ प्रमाणे अशा गृहीत अटी कराराने वगळता येतात. 'जशी आहे तशी' लिहून घेतात ते म्हणूनच. ती ओळ पोकळ नाही. घासलेले टायर, थकलेली क्लचप्लेट, गळका शॉकअ‍ॅब्सॉर्बर हे सगळं तिच्या पोटात जातं.

तिच्या पोटात जात नाही ते खोटं बोलणं. विकताना मालाबद्दल खोटी माहिती दिली असेल, तर करार कायदा १८७२ च्या कलम १७ ते १९ प्रमाणे करार रद्द करण्याचा पर्याय घेणाऱ्याकडे राहतो. ग्राहक कायद्यात तीच गोष्ट 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. छापील ओळीने फसवणूक धुतली जात नाही.

त्यामुळे स्पष्ट सांगतो, अकरा वर्षांच्या गाडीचा गियरबॉक्स गेला, एवढ्यावर केस कच्ची आहे. डीलर काय खोटं बोलला ते शोधायला हवं. आणि त्याआधी मला तीन गोष्टी सांगा. पैसे कोणाच्या खात्यात गेले? पावतीवर नाव आणि शिक्का कोणाचा? फॉर्म २९ वर (गाडी विकल्याची आरटीओला द्यायची सूचना) विकणारा म्हणून सही कोणाची आहे?

विक्रोळीकर | मंगळवार, ०७:२०

एवढ्या रात्री एवढं लिहिलंत, आभारी आहे. मेहुणीला विचारलं.

दीड लाख डीलरच्या फर्मच्या खात्यात ऑनलाइन, ४५ हजार रोख. पावती फक्त दीड लाखाची, फर्मचा शिक्का आहे. जीएसटीचं बिल नाही. एक 'डिलिव्हरी नोट' आहे, त्यावर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि तीच छापील ओळ. फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करण्याचा अर्ज) वर मूळ मालकाची सही, ते चेंबूरचे कोणी गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही. डीलरच्याच माणसाने वडाळा आरटीओत ट्रान्सफर करून दिलं, आरसी आता मेहुणीच्या नावावर आहे.

अ‍ॅडहॉक | मंगळवार, ०९:०५

वाटलंच होतं. आरटीओच्या कागदांवर गाडी चेंबूरच्या गृहस्थांकडून थेट मेहुणीकडे आली आहे. डीलर त्यात कुठेच नाही. उद्या आयोगात तो म्हणेल, "मी कुठे विकली? मी फक्त दोघांची गाठ घालून दिली." असल्या व्यवहारांत खरी लढाई गियरबॉक्सची नसते, विकणारा कोण याचीच असते.

तरी तुमच्याकडे बऱ्यापैकी आहे. पैसे फर्मच्या खात्यात, शिक्का फर्मचा, जाहिरात त्याची, डिलिव्हरी त्याच्या दुकानातून. ४५ हजारांचं काय? व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे १ लाख ९५ हजार असा आकडा आहे का ते बघा. त्या दिवशी बँकेतून रोख काढली असेल तर ती नोंदही ठेवा.

जुनं_ते_सोनं | मंगळवार, ११:१२

मी याच धंद्यात आहे, पश्चिम उपनगरात. सगळे शिव्या घालणार हे धरूनच लिहितोय.

डीलर कागदावर का येत नाही, त्याचं कारण लपवाछपवीच असतं असं नाही. गाडी आधी माझ्या नावावर आणि मग गिऱ्हाइकाच्या नावावर केली, तर आरसीवर मालकांची संख्या एकाने वाढते. 'सेकंड ओनर' गाडी 'थर्ड ओनर' झाली की भाव पडतो, नुकसान गिऱ्हाइकाचंच. म्हणून वर्षानुवर्षं मूळ मालकाच्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी विकली की नाव भरायचं, हीच पद्धत.

दुसरं कारण जीएसटी. २५ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर डीलरला मार्जिनवर १८ टक्के भरावा लागतो, आधी छोट्या गाड्यांना १२ होता. १ लाख ७० ला घेऊन १ लाख ९५ ला विकली तर २५ हजारांवर १८ टक्के, म्हणजे साडेचार हजार. लोकांना वाटतं पूर्ण किमतीवर १८ टक्के लागतो, तसं नाही. पण बिल मागितलं की गिऱ्हाईकच म्हणतं, "बिल नको, तेवढे कमी करा."

आणि दोन लाखांत ज्याला शोरूमची वॉरंटी हवी, त्याने नवी बाइक घ्यावी.

अ‍ॅडहॉक | मंगळवार, ११:५०

पहिलं कारण आता राहिलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत असणार. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी व्यवस्था आली आहे. डीलरने आरटीओकडून अधिकृतता घ्यायची, ती पाच वर्षं चालते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की दोघांनी फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. त्यानंतर गाडी विकेपर्यंत डीलर 'मानीव मालक'. आरसीवर नाव चढत नाही, मालकांची संख्या वाढत नाही, पण जबाबदारी त्याची. त्या काळात गाडी ट्रायल, सर्व्हिसिंग, तपासणी असल्या कामांसाठीच बाहेर काढता येते, आणि फेऱ्यांची नोंदवही ठेवावी लागते.

तुमच्याकडे आहे ती अधिकृतता?

जुनं_ते_सोनं | मंगळवार, १२:२६

आहे. आमच्या लाइनीत बऱ्याच जणांकडे नाही, तेही खरं. त्यांना कोणी विचारतच नाही.

चहाटळ | मंगळवार, १२:३०

म्हणजे गाडी बघायला गेल्यावर पहिला प्रश्न "अ‍ॅव्हरेज किती?" नव्हे, "२९सी भरलाय का?" डीलरचा चेहरा बघायला मी येतो सोबत.

गॅरेजवाला_बाबू | मंगळवार, १४:०५

विक्रोळीकर, गियरबॉक्स उघडू नका!! निदान आत्ता नको. एकदा उघडला की डीलर म्हणणार, तुमच्याच मेकॅनिकने वाट लावली. आधी त्याला लेखी कळवा की येऊन बघ. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्या, जॉबकार्ड आणि लेखी एस्टिमेट घ्या. पुढे कधी उघडलाच तर व्हिडिओ काढा आणि जुने पार्ट गोणीत भरून घरी ठेवा.

अजून एक. ४६ हजार किलोमीटरांत गियरबॉक्स जात नाही हो. शिकाऊ माणसाने चालवली तरी नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, गुळगुळीत झालंय का. स्टिअरिंग चकाकतंय का, ड्रायव्हर सीटची उजवी कड दबून फाटलीय का. सीटकव्हर नवं घातलं असेल तर आत हात घालून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर वेगवेगळ्या सालांचे असतील तर गाडी भरपूर पळालीय. मीटर मागे करणं हे मुंबईत अर्ध्या तासाचं काम आहे. डिजिटल मीटर म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज काढून टाका.

आरसी घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. त्यांच्या सिस्टिमला प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर असतात. मालक स्वतः गेला तर बहुतेक ठिकाणी सांगतात.

नऊवारी | मंगळवार, १५:३३

विमा क्षेत्रातली आहे, माझे दोन पैसे.

आधीच्या मालकाची शेवटची पॉलिसी डीलरने दिली असेल तर तिच्यावरचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बघा. क्लेम न घेतलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत जातो. 'एकदाही ठोकली नाही' म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल तर आदल्या वर्षी काहीतरी क्लेम झालाय, किंवा विमा मध्ये खंडित झाला होता. दोन्ही विचारण्यासारखं. हा बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. त्यामुळे 'विमा ५० टक्के बोनससकट देतो' हे ऐकून भाव वाढवून देऊ नका.

आणि विमा मेहुणीच्या नावावर केला का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचं, संरक्षण आपोआप पुढे चालू राहतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर मागायला गेलात तर हात हलवत परत याल. आरसीचं काम झालं की लोक विम्याचं विसरतात.

मुलुंडचा_मितवा | मंगळवार, २१:१०

धागा पळवत नाही, पण माझंही विचारतो. मी डीलरकडून नाही, थेट मालकाकडून घ्यायच्या विचारात आहे. अ‍ॅपवर जाहिरात होती, गृहस्थ भांडुपचे, सज्जन वाटले. डीलर नाही म्हणजे खात्रीचं, बरोबर ना?

अ‍ॅडहॉक | मंगळवार, २२:४५

भाव बरा मिळेल आणि गाडीचा इतिहास खरा कळण्याची शक्यता जास्त. हक्कांच्या बाबतीत मात्र उलटं आहे. तो गृहस्थ गाड्यांचा धंदा करत नाही, एक गाडी विकतोय. अशा माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार सहसा टिकत नाही. विकण्यायोग्य दर्जाची जी गृहीत अट वर सांगितली, तीही धंदा करणाऱ्यालाच लागू. तुमच्या हातात राहतं ते एवढंच की गाडी विकायचा हक्क त्याला होता (कलम १४), ती सांगितलेल्या वर्णनाप्रमाणे आहे (कलम १५), आणि तो खोटं बोललेला नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय, मुदत साधारण तीन वर्षं, कोर्ट फी आणि वकील वेगळे. दोन लाखांच्या गाडीसाठी कोण जातं?

म्हणून थेट व्यवहारात वर्णन कागदावर आलं पाहिजे. साध्या कागदावर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार: 'मीटरचं रीडिंग अमुक असून माझ्या माहितीप्रमाणे ते खरं आहे. गाडीला मोठा अपघात झालेला नाही, ती पुराच्या पाण्यात बुडालेली नाही. गाडीवर कर्ज नाही. आजच्या तारखेपर्यंतची सर्व चलनं, कर आणि दंड यांची जबाबदारी माझी.' सज्जन माणूस सही करतो. जो "अहो, विश्वास नाही का?" म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

कर्जाचं आरसीवर बघा. बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 'हप्ते संपलेत, नाव तेवढं काढायचं राहिलंय' हे वाक्य मी फार ऐकलंय.

नऊवारी | मंगळवार, २३:०२

आणि चलनं! गाडीचा नंबर टाकून महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर बघा. सीलिंक, फ्रीवे, हायवे, सगळीकडे कॅमेरे आहेत. जुन्या मालकाची थकबाकी ट्रान्सफर करताना तुमच्या समोर येते.

भटकी_जमात | बुधवार, ०८:४८

विकणाऱ्यालाही ट्रान्सफरची घाई हवी. माझ्या मामांनी गाडी विकली, घेणाऱ्याने नावावर केलीच नाही. अजून मामांना चलनं येतात.

अ‍ॅडहॉक | बुधवार, ०९:३०

चलनं परवडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, मोटार वाहन कायद्यापुरता मालक तोच. त्या प्रकरणात गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. मामांना सांगा, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. उशीर झाला असला तरी कळवा, विक्रीचा पुरावा जोडा.

टेम्स_काठचा | बुधवार, १३:१५

इकडे इंग्लंडमध्ये २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीत दोष निघाला तर ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष विक्रीच्या वेळीच होता असं धरून चालतात, नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. दुरुस्तीची एक संधी मात्र त्याला द्यावी लागते. अर्थात वय, किंमत आणि रनिंग बघूनच दर्जा ठरवतात. खासगी विक्रेत्याच्या बाबतीत इथेही तुमच्यासारखंच, वर्णन खरं असलं म्हणजे झालं.

चहाटळ | बुधवार, १३:२१

आले, टेम्सकाठचे आले. तिकडे पाऊसही नियमात पडत असेल.

अ‍ॅडहॉक | बुधवार, १४:४०

टेम्सकाठच्यांनी ३० दिवसांचा विषय काढला ते बरं झालं. आपल्याकडेही हा आकडा आहे, फक्त आडबाजूला. अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येतच (कलम २, उपकलम ४७) दोन गोष्टी आहेत. एक, बिल किंवा पावती न देणं. दोन, सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं. जुन्या गाडीत 'सदोष' कशाला म्हणायचं यावर दोन्ही बाजूंचे वकील तास तास बोलतील. पण विक्रोळीकर, अजून महिना झालेला नाही म्हणालात. मग फोनाफोनी बंद करा आणि आजच लेखी मागणी पाठवा. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि स्पीड पोस्ट, तिन्ही.

विक्रोळीकर | गुरुवार, १९:५५

पत्र काल रात्रीच पाठवलं. आणि आज मेहुणी सर्व्हिस सेंटरला जाऊन आली.

बाबूभाई, तुम्हाला दंडवत. २०२१ मधली तिथली शेवटची नोंद १ लाख ८ हजार किलोमीटरची आहे!! त्यानंतर गाडी तिथे गेलेलीच नाही. प्रिंट मिळालं, शिक्क्यासकट.

गॅरेजवाला_बाबू | गुरुवार, २०:०३

रबर बोलतं ओ, मीटर नाही बोलत. दीड लाख तरी पळाली असणार. टायमिंग, क्लच, सस्पेन्शन सगळं एकदा बघून घ्या. आणि सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ दिसते का. स्टेपनीखालचा खड्डा, कार्पेटच्या खालची बाजू, फ्यूजबॉक्समधला गंज हेही. २००५ च्या २६ जुलैच्या पुरात बुडालेल्या गाड्या पुसूनपासून किती वर्षं विकल्या जात होत्या ते आम्ही पाहिलंय. आता दर पावसाळ्यात थोड्या थोड्या येतात.

चहाटळ | गुरुवार, २०:१०

मालक रोज रिव्हर्समध्ये ऑफिसला जात असेल.

भटकी_जमात | गुरुवार, २०:३७

सरळ पोलिसात जा! ४२०!

अ‍ॅडहॉक | गुरुवार, २२:१५

४२० आता इतिहासजमा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. लेखी तक्रार द्यायला हरकत नाही, पोच घ्या. पण पोलीस बहुधा 'हा दिवाणी वाद आहे' म्हणतील, आणि डीलर म्हणेल की मीटर चेंबूरवाल्यांनीच मागे केला असेल. फौजदारीत सुरुवातीपासूनचा फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. ग्राहक आयोगात, माझ्या मते, मीटर कोणाच्या हाताने मागे गेला हा मुख्य प्रश्नच नाही. 'कमी रनिंग' असं विधान डीलरने जाहिरातीत केलं, ते खोटं निघालं, आणि त्या विधानावर विसंबून मेहुणीने किंमत मोजली. एवढं पुरतं.

आता केस पक्की वाटते. मागे गियरबॉक्सवर भांडलो असतो तर तो 'जशी आहे तशी'च्या मागे लपला असता.

जाहिरात अजून दिसत असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट काढा, उद्या गायब होईल. मग रीतसर नोटीस: सर्व्हिस रेकॉर्डची प्रत, १५ दिवसांची मुदत, आणि मागणी स्पष्ट. गाडी परत घ्या आणि व्याजासह पैसे द्या, किंवा किमतीतला फरक, दुरुस्तीचा खर्च आणि नुकसानभरपाई द्या. परत करायची असेल तर गाडी आता उभी ठेवा. परत करायचीय म्हणत त्यावर आणखी हजार किलोमीटर चालवलेले आयोगाला आवडत नाहीत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट आहे, कधी कधी तेवढ्यानेही समोरचा हलतो. नाहीच हलला तर जिल्हा आयोग. मेहुणी तुमच्याच बाजूला राहत असेल तर मुंबई उपनगर जिल्हा, कार्यालय वांद्रे पूर्वेला. तक्रारदार राहतो तिथेच दाखल करता येते, ही २०१९ च्या कायद्याची देणगी. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

सुलभाकाकू | शुक्रवार, १०:२०

मी निवृत्त आहे, वांद्र्याच्या आयोगात स्वतःची केस स्वतः लढवली आहे (गाडीची नव्हे, घरगुती उपकरणाची). वकील लागत नाही हे खरं, पण टापटीप लागते. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका, घटना तारखेप्रमाणे, प्रत्येक कागद कशासाठी जोडलाय ते एका ओळीत, शेवटी प्रतिज्ञापत्र. राग तक्रारीत लिहू नका, तारखा लिहा.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, तांत्रिक तपासणी लागली तर पाच. त्यावर विसंबून कॅलेंडरवर खुणा करू नका. माझ्या केसला कित्येक पटींनी वेळ लागला. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते, विलेपार्ल्याला, त्यांचं मार्गदर्शन जरूर घ्या. मला तिथल्या एका ताईंनी मसुदा तीनदा फाडून नव्याने लिहायला लावला होता, त्याचा फार उपयोग झाला.

जुनं_ते_सोनं | शुक्रवार, ११:४०

मीटर मागे केला असेल तर मी त्या डीलरची बाजू घेणार नाही. असल्यांमुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आम्हाला चोरच समजतो. पण व्यवहारी सल्ला देतो. नोटीस गेली की तो फोन करेल. तडजोड करा. वर्षानुवर्षं तारखांना जाण्यापेक्षा ५०-६० हजार परत आले तर घ्या आणि गाडी दुरुस्त करून वापरा. दीड लाख पळालेली गाडीही नीट ठेवली तर चालते.

विक्रोळीकर | मंगळवार, २१:४८

डीलरचा फोन आलाच. भाषा एकदम गोड. गियरबॉक्स 'आमच्या गॅरेजला' फुकट करून देतो, वर १५ हजार देतो, मात्र आधी 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं पत्र द्या म्हणतो. मेहुणीला गाडी परतच करायची आहे, तिचा विश्वास उडालाय. बायको म्हणते घ्या पैसे आणि मोकळे व्हा. घरात दोन पक्ष पडलेत.

सुलभाकाकू | मंगळवार, २२:०५

गाडी रोज चालवायची आहे ती मेहुणीला. तिचं ऐका.

जुनं_ते_सोनं | मंगळवार, २२:१९

१५ फार कमी आहेत. ४६ हजार आणि दीड लाख पळालेल्या गाडीत आमच्या बाजारात ५० हजारांचा तरी फरक पडतो. त्याला हे माहीत आहे.

अ‍ॅडहॉक | मंगळवार, २३:१०

पत्र आधी आणि पैसे नंतर, असं काही करू नका. तडजोड करायचीच तर एकाच कागदावर: कोणी किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून दिली, गियरबॉक्सचं काम कुठे होणार, कोणते पार्ट, किती महिन्यांची लेखी वॉरंटी, आणि 'वरील रक्कम जमा झाल्यावर व काम पूर्ण झाल्यावर' तक्रार मिटली असं समजावं. ही अट गाळू नका. काम त्याच्या गॅरेजला नको, अधिकृत सेंटरला, बिल त्याने भरावं. डीलर म्हणून फर्मच्या नावाने सही आणि शिक्का घ्या, म्हणजे तो मध्यस्थ की विक्रेता हा वादही तिथेच मिटतो.

गाडी परत करायची ठरली तर पैसे खात्यात आल्यावरच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. कोऱ्या फॉर्मवर अजिबात नको, घेणाऱ्याचं नाव भरलेलं असू दे. नाहीतर तो हीच गाडी मेहुणीच्या नावावरून पुढच्या गिऱ्हाइकाला विकेल आणि कागदावर विकणारी मेहुणी ठरेल.

नऊवारी | मंगळवार, २३:२६

विक्रोळीकर, विमा नावावर झाला का ते अजून सांगितलं नाहीत.

विक्रोळीकर | बुधवार, ०७:०२

आज दुपारी मेहुणी अर्ज करतेय. डीलरला 'फर्मच्या शिक्क्याने सही' म्हटल्यावर तो शनिवारपर्यंत वेळ मागतोय. काय होतं ते इथेच कळवतो.